काळ्या विमानातली ओल

प्रिय रेमेदी,

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. वाळवलेली सफरचंदं, कॉफीचा डबा, माझ्यासाठी मेणबत्त्या आणि बाबांसाठी लोकरीचे मोजे. टपालाचे एकोणीस डॉलर वाचून जीव कळवळला. तेवढ्यात इथे तांदळाची मोठी गोणी येते, पोरी. आणि ग्वामच्या उकाड्यात लोकरीचे मोजे! पण बाबा काल संध्याकाळभर ते घालून पडवीत बसले होते. मी हसले तर म्हणाले, "लेकीने पाठवलेत, तुझं काय जातंय?" सोबत तुझी एकच ओळ होती: 'आई, ते विमान माझ्या हातून गेलं.' तू मिझुरीच्या तळावर परत गेल्यापासून फोनवर फक्त हवापाणी सांगतेस. रविवारी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जाणंही सोडलंस, असं मावशीकडून कळलं. म्हणजे इतके महिने हे मनात घेऊन बसली होतीस तर.

विमान पडलं त्या दिवशी मी काय पाहिलं ते तुला कधी सांगितलंच नाही. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. इथल्या तळावरून पहिलं विमान गेलं, मग तू देखभाल करायचीस ते आलं. रेमेदी, तुमची ती विमानं मी कितीदा पाहिली असतील, तरी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबायचं. शेपूट नाही, आवाजही मागाहून येणार, नुसता एक काळा पंख आभाळावर ठेवल्यासारखा. माणसाला देवाने एवढी बुद्धी दिली, असं वाटून मी छातीवर क्रुसाची खूण करायची. आणि त्यात आपल्या जिगो गावची पोर त्याची देखभाल करते, हे तर मी बाजारात न विचारताही सांगत सुटायची. त्या दिवशी ते धावपट्टीवरून उठलं आणि उठता उठताच त्याने नाक वर केलं, मासा पाण्याबाहेर उसळतो तसं. क्षणभर ते आभाळात उभंच राहिलं. एवढं सुंदर आणि एवढं भयंकर मी जन्मात काही पाहिलेलं नाही. मग डावा पंख झुकला, जमिनीला टेकला. वैमानिकांच्या दोन हवाई छत्र्या उमलल्या आणि त्यांच्याखालून काळा धूर चढला. मी ओल्या चादरीसकट गुडघ्यांवर बसले. तू कुठे आहेस, धावपट्टीजवळ आहेस का, काही माहीत नव्हतं. संध्याकाळी तुझा आवाज ऐकेपर्यंत मी तशीच ओली होते.

नंतर गावात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं कारण. म्हातारे तुन बिसेन्ते म्हणाले, "रानात शिरताना आपण पूर्वजांची परवानगी घेतो. ह्यांनी रान तोडून धावपट्टी केली, कोणाला विचारलं?" शेजारची चाई म्हणाली, "रडारवरसुद्धा कोणाला दिसायचं नाही म्हणे ते विमान! अख्ख्या जिगोला दिसलं की!" मला हसूही आलं आणि तिचा रागही आला.

मग चौकशीचं पेपरात आलं. बाबांनी दोनदा वाचून दाखवलं, तेव्हा मला कळलं ते असं. विमानाच्या कातडीत बारीक भोकं असतात, त्यांना हवा लागते आणि त्यावरून विमानाला आपला वेग कळतो. आपल्या बेटाची ओल त्यांत शिरली. मापं चुकीची दिसली, म्हणून तुम्ही नियमाप्रमाणे ती जुळवून घेतलीत. मग उडायच्या आधी ती भोकं तापवणारी आतली ऊब सुरू झाली, ओल उडून गेली; पण तिच्यासाठी केलेली जुळणी मात्र राहिली. विमानाला वाटलं, आपला वेग पुरेसा आहे आणि नाक खाली आहे. आणि त्याने नाक उचललं. बाबांनी पेपर खाली ठेवला. डोंगराएवढं विमान, आणि त्याला पाडलं कशाने, तर माझ्या मिठाच्या बरणीत शिरते त्या ओलीने. देवापुढे माणूस केवढा, ते मला प्रवचनांतून कळलं नव्हतं एवढं त्या दिवशी कळलं. दोन्ही वैमानिक जगले, हीही त्याचीच कृपा. मी त्यांच्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना केली, आणि खरं सांगते, तुझ्यासाठी दुसरी.

आता जे सांगायला बसले ते सांगते. गेल्या रविवारी मिस्सानंतर सार्जंट प्रुइट दारात आला. तुमच्या तुकडीच्या आधी जी तुकडी इथे होती, त्यातला; आता पुन्हा इथे नेमणुकीवर आलाय. गावच्या जेवणावळींना यायचा, आपल्या चालीरीती शिकलेला. मी लाल भात वाढला, त्याने घासही घेतला नाही. म्हणाला, "बाई, आम्हाला ठाऊक होतं. मापं वेडीवाकडी दिसली की आम्ही आधी ऊब लावून ओल घालवायचो, मग जुळवायचो. एकाने दुसऱ्याला तोंडी सांगितलेलं. पुस्तकात ते कोणी घातलंच नाही. मीही नाही. तुमच्या मुलीच्या तुकडीपर्यंत ते पोचलंच नाही. तिने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं." एवढा धिप्पाड माणूस, पण मान वर करेना. बाबा उठून बाहेर गेले. निघताना प्रुइट माझ्यासमोर वाकला, आपली मुलं थोरांचा हात घेऊन त्याला नाक टेकवतात तसा, माझा हात घ्यायला. आणि रेमेदी, माझा हात पुढे झाला नाही. कोणाचं पोर वाकलं आणि मी 'देव तुझं भलं करो' म्हटलं नाही, असं कधी झालं नव्हतं. तो तसाच थोडा वेळ वाकून राहिला, मग "जाण्याआधी पुन्हा येईन" म्हणून निघून गेला.

तू मला रागावशील, पण तो आशीर्वाद मला एकटीला देता येईना. ज्या ओझ्याने तू देवळाची पायरी चढत नाहीस, त्यात त्याचाही वाटा आहे. आणि तो माफ करायचा की नाही, हे तूच ठरवायचंस. महिनाअखेर त्याची इथली मुदत संपते. त्याआधी तो एकदा येणार आहे, तुझं उत्तर ऐकायला. ते माझ्या हातून गेलं, ही ओळ मात्र तू परत घे. आधी ऊब लावायची, हे तुला कोणी सांगितलंच नव्हतं, बाळा. तो पुन्हा वाकला, तर मी हात पुढे करू का, एवढं उलट टपाली कळव.

तुझीच,
आई