म्हशीनं खाल्लेली भिंत

१२ एप्रिल
कृष्णरावच्या म्हशीनं शाळेची दक्षिणेकडची भिंत खाल्ली! म्हणजे भिंत व्हायची होती अजून. मातीत कालवायले आणलेलं धानाचं तणस होतं, पाच भारे. सगळं साफ! कृष्णराव म्हणे, "मॅडम, तुम्हीच तर म्हटलं, निसर्गाले धरून शाळा बांधू!" असा राग आला... पण हसू आवरलं नाई.

१५ एप्रिल
टिनाच्या खोलीत पोट्टे भाजून निघतात, म्हणून ही मातीची, कवेलूच्या छपराची गार खोली. खरं सांगायचं तर कारण दुसरं आहे. पट सतरा. वीस झाला नाई तर शाळा बंद, पोरं चार किलोमीटर पायी दुसऱ्या गावात. खोली पाहून तरी कॉन्व्हेंटची पोरं इकडे येतील — असं माझं गणित.

१९ एप्रिल
पालकसभा. डोकं उठलं!
कलाबाई शाळेत खिचडी शिजवते. तिचं म्हणणं, खिडक्या खाली ठेवा, पोट्टे बसल्या बसल्या झाडं पाहतील. पटलं. भैयालाल मासे धरतो, त्याचा एकच हट्ट — "जोतं चार फूट उंच पाह्यजे. आमचं जुनं गाव गोसी धरणाच्या पाण्यात गेलं."
मी म्हटलं, "भाऊ, इथं पाणी येत नाई."
"तिथंही येत नव्हतं, मॅडम."
लिहून घेतलं — जोतं चार फूट.

२ मे
तणस आता उंच जोत्यावर, मधोमध. म्हैस खालून नुसती पाहते. भैयालाल जिंदाबाद!

२४ मे
खोली झाली! बाहेर शेहेचाळीस डिग्री, आत पंखा नाई तरी गार. दुपारी सहज पाहाले गेली तर आत तेवीस माणसं घोरून राहिली! पोरं सतरा अन् झोपणारे तेवीस — बाप्पा! कृष्णराव दारातच आडवे. "काहून जी?" म्हटलं. डोळे न उघडता म्हणे, "खोली तपासून राहिलो."

२० जून
तपासणी कामी आली! कृष्णरावनं आपली दोन्ही नातवंडं, गोलू अन् रंजू, कॉन्व्हेंटमधून काढून इथं घातली. एकोणीस! एक पाह्यजे. फक्त एक! गावभर फिरली. कोणीच उरलं नाई.
कलाबाई खिचडीचा गंज घासता घासता म्हणे, "मॅडम, तुमची गुंजन कोणत्या शाळेत जाते जी?"
मी हजेरीपटावर रेघा मारत बसली. हिले काय करायचं आहे माझ्या पोरीचं! कॉन्व्हेंटची गाडी दारात येते, पोरगी फाडफाड इंग्रजी बोलते. असा संताप आला कलाबाईचा. तिचा नाई, माझाच.

२३ जून
पट वीस. विसावी कॉन्व्हेंटचा टाय लावूनच आली. सकाळपासून मले मम्मी नाई म्हणत — 'मॅडम' म्हणते.