भूगोलाच्या पहिल्या बाकावरून ताईला

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कागदावर आठही अंगं टेकवलीत. प्रत्यक्षात गुडघ्यांमुळे पाचच टेकतात, उरलेली तीन तू समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला बरा असेल, नसेल तर तो सिगारेटमुळेच आहे हे माझ्या नावाने त्यांना पुन्हा एकदा सांग. इकडे सगळे ठीक. मीही ठीक म्हणायची, पण तू मला लहानपणापासून ओळखतेस, तेव्हा सविस्तरच लिहिते.

इस्पितळातला माझा टेलिफोन बोर्ड काढून तिथे यंत्र बसवलं आणि मला लवकर निवृत्त केलं, हे तुला माहीत आहेच. त्यानंतर मी कॉलेजात भूगोलाला नाव घातलं तेव्हा तू फोनवर इतका वेळ गप्प होतीस, की मला वाटलं लाइन गेली. तर पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळा वर्ग धाडकन उभा राहिला. मला वाटलं, मुलं संस्कारी आहेत, पिकल्या केसांचा मान ठेवतात. मी म्हटलं, "बसा, बसा." सगळी बसली. बाक खच्चून भरलेले, रिकामी एकच खुर्ची, ती समोर टेबलाशी. गुडघे ठणकत होते म्हणून टेकले. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एकाने अदबीने हजेरीपट आणून पुढ्यात ठेवला. आता सव्वीस वर्षं समोर जे येईल ते निमूट करायची सवय, मी हजेरी घ्यायला लागले! एक्केचाळीस नंबरपर्यंत पोचले (दोन पोरं दुसऱ्याची हजेरी लावत होती, आवाजावरून पकडली, आपला कान अजून शाबूत आहे) तेव्हा खांद्याला पिशवी लावलेली एक काटकुळी मुलगी धापा टाकत दारात आली. मी म्हटलं, "उशीर झाला. नंबर काय तुझा?" ती बिचारी चाचरत म्हणाली, "नंबर नाहीये. मी... शिकवते." ताई, धरणी दुभंगायचं नाव घेईना. घाबरले की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं, "कृपया थांबा, जोडून देते." वर्ग जो हसत सुटला! बाईंनी (वय सत्तावीस, माझ्या धाकट्या मुलापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या) मला हात धरून पहिल्या बाकावर जागा करून बसवलं. तेव्हापासून अख्ख्या कॉलेजात माझं नाव हजेरीकाकू.

नावाचं काही नाही गं, पण पहिल्या चाचणीत मला चाळीसपैकी सहा मिळाले. अभ्यास कमी पडला नाही, जास्त झाला. पहिलाच प्रश्न नदीच्या प्रवासाचा होता. मी उगमापासून सुरुवात केली आणि घंटा झाली तेव्हा माझी नदी अजून डोंगरातच होती. उरलेले चार प्रश्न कोरडे. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसा गेला पेपर?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. (पाणी वाया गेलं म्हणून ओरडू नकोस, बादली लावली होती.) दुसऱ्या दिवशी रीतसर राजीनामा लिहिला, तीन प्रतींत, महिन्याच्या नोटिशीसकट, आणि बाईंच्या खोलीत नेऊन दिला.

बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "कॉलेजात राजीनामा नसतो हो, काकू."

"मग काय असतं?"

"नापास होणं असतं. आणि पुन्हा बसणं असतं." मग त्यांनी विचारलं, भूगोलच का घेतलात? मी म्हटलं, सव्वीस वर्षं लोकांना गावोगावी जोडून दिलं. कुणाला मुलगा झाल्याचं कळवायचं असायचं, कुणाला माणूस गेल्याचं. प्रत्येक गावाचा नंबर तोंडपाठ, पण ती गावं आहेत कुठे, हे मला कधी कळलंच नाही. बाईंनी कपाटातून भलामोठा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि म्हणाल्या, "एकेका गावाचं नाव सांगा." आम्ही दोघी तासभर गावं शोधत बसलो. त्यांचा पुढचा तास बुडाला. राजीनाम्याच्या पाठकोऱ्या कागदांवर मी आता टिपणं काढते.

तर कॉलेज सुटलं नाही. उलट जरा जास्तच अंगवळणी पडलं. माझ्या शेजारी एक जाड चष्म्याची मुलगी बसते. तिने परवा तासाला हळूच विचारलं, "काकू, आधी वारा की आधी पाऊस?" मी तितक्याच हळू उत्तर दिलं, पण माझं हळू बोलणं तिसऱ्या खोलीत ऐकू जातं. बाई म्हणाल्या, "पहिला बाक, बाहेर!" आम्ही दोघी बाहेर. ताई, शाळेत तू रोज वर्गाबाहेर उभी असायचीस आणि मी आत बसून पाढे म्हणत तुझा हेवा करायचे. बाहेर इतकी छान हवा येते, हे तू कधी सांगितलं नाहीस!

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेला जप.

तुझीच धाकटी

ता. क. महिन्यात तीनदा वर्गाबाहेर काढलं की पालकांना बोलावतात. माझं तीनदा झालं. कचेरीतला कारकून म्हणतो, नियम म्हणजे नियम, वयाची अट कुठेही लिहिलेली नाही. ह्यांना नेलं तर हे बाईंच्या बाजूने बोलतील. म्हणून पालक म्हणून तुझं नाव दिलंय. शनिवारी सकाळी दहाला ये. चेहरा कडक ठेव.

आणखी एक. पालकाच्या अर्जात 'पालकाचे शिक्षण' असा रकाना होता. मॅट्रिकला तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पुढे तुझं लग्न लावून दिलं आणि माझी फी भरली, हे सगळं त्या एवढ्याशा चौकोनात मावेना. म्हणून 'चालू आहे' असं लिहून आलेय. तेव्हा येताना शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन फोटो आण. फोटो आत्ताचे हवेत. लग्नातले चालत नाहीत, मी विचारून पाहिलं.