वरच्या खोलीतली तालीम

सोम. ३ नोव्हें.
पलासियाला, ट्रॅव्हलवाल्या दुबेजींकडे. टेबलभर नकाशा. पाच महिने, अकरा देश. पूर्वेकडे निघायचं, जगाला वळसा घालून परत इंदूर. बुधवारी, १२ ला, तिकिटं पक्की. मग बदल नाही. दुबेजी: "भाभीजी, खिड़की चाहिए आपको?" मी म्हटलं, "हिला खिडकीच लागते." गाडीत बसल्यावर सुधा म्हणाली, "मी अजून हो म्हटलेलं नाही."
मला वाटलं, खिडकीबद्दल.

मंगळ. ४
खिडकीबद्दल नव्हतं. सकाळी चहाला सरळच बोलली. "छत्तीस वर्षांत आपण दोघंच असे सलग दोन दिवस राहिलो का? तुम्ही वर्कशॉपला, मी शाळेत." आठवून पाहिलं. तिरुपती... पण तेव्हा आई होती बरोबर. "आता पाच महिने एका खोलीत. मला झेपेल का, ते बघायचंय."
तोड तिचीच. गच्चीवरच्या खोलीत आठ दिवस तालीम. दोन बॅगा, कामवाली बाई नाही, वर्कशॉप नाही. बुधवारी सकाळी ती निकाल देणार. मी हसत 'डन' म्हटलं.

बुध. ५
बॅगा घेऊन जिना चढलो. शेजारचे वर्माजी: "क्या भिया, कहाँ की सवारी?" म्हटलं, "ऊपर की!" सुधा हसली नाही.
वर्कशॉपचे फोन सात. फोरमन रमेशला म्हटलं, मोबाईल मोटरजवळ धर. ऐकून सांगितलं, मागचं बेअरिंग गेलंय. खोललं तर तेच. भंवरकुआंला एका बाकड्यावर पंप दुरुस्त करायचो, तेव्हापासून हाच कान पोट भरतोय.
सुधानं पुस्तक मिटलं. मिटल्याचा आवाज बरा नव्हता.

शुक्र. ७
बाहेर जेवण, तेही तालमीतलंच. मी वेटरला: "मॅडमसाठी दाल-चावल. पनीर चालत नाही त्यांना." तो गेल्यावर सुधा: "मला पनीर हवं होतं."
"तू खात नाहीस ना?"
"पोट बिघडलं होतं तेव्हा खात नव्हते. दहा वर्षं झाली त्याला."
डाळ आली. तीच खाल्ली. दोघांनी.

शनि. ८
वाईट दिवस. ती गच्चीवर कपडे वाळत घालत फोनवर, नलूताईशी, थोरल्या बहिणीशी. मी आत. खिडकी बंद, पण माझे कान! "हे वाईट नाहीत गं. पण हे बोलतात आणि मी ऐकते. तिकडेही तेच, फक्त देश बदलतील." मग जरा थांबून, "इथे निदान खालची खोली आहे, तू आहेस. तिथे रागावून जाणार कुठे?"
हातात शर्ट होता. त्याची चार वेळा घडी केली.

रवि. ९
फोन बंद करून खालच्या कपाटात. दिवसभर मी गप्प, फक्त विचारणा. चहा देऊ? पंखा कमी करू? संध्याकाळी भडकली.
"काल ऐकलंत ना तुम्ही?"
"काय?"
"अहो, बिघाड ऐकू आला की तुम्ही पाना काढता. आता हे गप्प बसणं म्हणजेही दुरुस्तीच चाललीय तुमची."
पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला.

सोम. १०
"चार तास एकटी जाऊन येते. कुठे, विचारू नका." राजेंद्र नगरच्या कोपऱ्यापर्यंत गच्चीवरून दिसली, मग रिक्षात बसली. मागे जायचं मनात आलं. चपला घातल्या. काढल्या.
मला एकटं बसताच येत नाही, हे आज कळलं. कारागीर लागतात, गिऱ्हाईक लागतं. कोणी नसेल तर ही.
पाच तासांनी आली. चेहरा उजळलेला. हातात लसणाची शेव. "दुकानदाराशी भांडून घेतली. मजा आली." बस, इतकंच. मी शेव बशीत काढली.

मंगळ. ११
आज ती बोलली. शाळेतलं पहिलं वर्ष. वर्गात आवाज फुटेना म्हणून घरी भिंतीसमोर उभी राहून शिकवायची. मी त्याच घरात होतो तेव्हा. मध्ये तीनदा तोंड उघडलं, मिटलं. चौथ्यांदा निसटलंच: "मग मला सांगायचं ना!"
थांबली. "सांगत होते."
पुढचं सांगितलं नाही.
दुबेजींचा फोन, तिच्या मोबाईलवर: "कल ग्यारह बजे तक, भाभीजी." मी नकाशा तिच्या उशाजवळ ठेवला. म्हटलं, खोडायचं ते खोड. म्हणाली, "बघते."

बुध. १२, सकाळी ९.४०
मला खाली चहाला पिटाळलंय. "वर येऊ नका. मी येते." ओट्यापाशी उभ्यानंच लिहितोय. खोली नेमकी डोक्यावर.
बॅगेची चेन वाजली. तिचीच, माझी अडकते. मग कपाट. मग परत चेन.
कुठलीही मोटर असो, आवाजावरून सांगतो काय झालंय. पण ही चेन उघडली की लागली, कळत नाही. दोन्हीला आवाज एकच.
जिन्यावर पावलं. सावकाश. मधल्या पायरीवर थांबली.
चहा दोन कपांत ओतलाय. साखर घातलेली नाही. तिला किती लागते, विचारायचंय.