डिस्क तुझ्याकडे, खेळ माझ्याकडे

प्रिय टिल्ल्या,

पन्नाशीला टेकलास, तरी तुला दुसरं काही म्हणवत नाही. रागवायचं तर रागव. माझं दुरुस्तीचं दुकान छान चाललंय. परवा एक गिऱ्हाईक आपल्याकडे आहे तसाच सीडीचा डबा घेऊन आलं आणि मलाच त्याचा इतिहास ऐकवू लागलं. व्हिडिओ गेमचा कन्सोल जुना झाल्यावर कंपनीने त्याच्या बुडाखाली हा डबा बसवला, सिनेमासारखी चित्रं दाखवू म्हणाली, मोजके खेळ काढले आणि तीन-चार वर्षांत गाशा गुंडाळला. मी हूं हूं केलं. बाबांनी तो आणला तेव्हा आईने कसा कपाळावर हात मारला होता, ते त्याला काय माहीत! दोन धुडांना दोन अडॅप्टर, त्यामुळे टेबलफॅनची पिन काढल्याशिवाय खेळताच येत नसे. घामाघूम होऊन आपण तिघं खेळातल्या त्या राजवाड्यात हिंडायचो. नकाशा मी काढायचे, बटणं तुझ्याकडे, आणि बाबा नुसती दारं मोजायचे.

शेवटचं दार राहिलं आणि तू शिकायला बाहेर गेलास. जाताना मला न विचारता डिस्क पिशवीत टाकलीस. तिकडे मित्राच्या यंत्रात घातलीस, तर खेळ पहिल्या दारापासून सुरू. मग तू लिहिलेलं पत्र मला अजून पाठ आहे. जळकुटी म्हणालास, मुद्दाम सगळं पुसलंस म्हणालास. अरे शहाण्या, डिस्कवर काही लिहिलंच जात नाही. आपण कुठवर आलो ते डब्याच्या मेमरीत राहतं, आणि डबा तर इथेच होता. एका ओळीत सांगता आलं असतं, पण माझंही नाक वर. तुझं तुला कळेल म्हटलं, आणि तुला कधी कळलंच नाही. नंतर घरच्या कार्यांत भेटलो, हसलो-बोललो, तरी मनात तो खडा राहिलाच. मला त्याचं फार वाईट वाटतं. चूक तुझी होती, पण हट्ट माझा.

ती मेमरी एका चपट्या सेलवर जगते. सेल संपला की सगळं साफ. म्हणून दर काही वर्षांनी मी तो बदलते. आधी नवा जोडायचा, मगच जुना काढायचा, मध्ये क्षणभरही वीज तुटता कामा नये. गिऱ्हाइकांची यंत्रं मी गप्पा मारत उघडते, या डब्यापुढे मात्र श्वास रोखून बसते. काल चौथ्यांदा बदलला. टीव्हीवर मेमरीतली यादी उघडली, तर आपला खेळ जागच्या जागी, शेवटच्या दारापाशी. बाबा शेजारी बसले होते. ऐंशी उलटली, ऐकू कमी येतं, पण मोजणी पक्की. एकतीस झाली, एक राहिलं, म्हणाले, आणि लगेच तू कधी येणार ते विचारलं. म्हणून हे पत्र. डिस्क तू टाकली नसशील, रागातही तू वस्तू टाकत नाहीस. ती घेऊन ये. फॅनची पिन मी काढून ठेवते.

तुझीच,
काहीही न पुसलेली ताई