वाफेत बोललेलं

आल्टो पॉइंट, मिशिगन
१४ नोव्हेंबर

प्रिय सेनी,

खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझा गुडघा तसाच आहे, बर्फ यंदा लवकर आलं आणि तुझ्या काकांनी आपल्या सौनाचं, त्या वाफेच्या खोलीचं, धुराडं एकदाचं दुरुस्त केलं. ग्रंथालयाचा कर चालू ठेवायचा की नाही, यावरचं मतदान मात्र आपण हरलो. त्या पैशांवाचून ग्रंथालयाला नाताळच्या आधी कुलूप लागेल.

हे तुझ्या पेपरातल्या बातमीमुळे झालं असं तू लिहितेस. वेडी आहेस. अफवा खरी की खोटी ते तपासणं हेच तुझं काम, आणि ही खोटीच होती. दर ऑक्टोबरात मी फाटकी, कोणी न नेणारी पुस्तकं काढते, त्यांच्यावर ‘बाद’ असा शिक्का मारते आणि खोक्यांत भरून मागच्या दाराशी ठेवते. इतकी वर्षं कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. यंदा कोणीतरी फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नगराध्यक्ष हॉस्किन्सने पुस्तकं हद्दपार केली. पलीकडच्या गावात पोचेपर्यंत तर त्याने ती जाळलीसुद्धा! तू आलीस, खोकी उपसलीस, शिक्के पाहिलेस आणि लिहिलंस, ‘नगराध्यक्षांच्या सांगण्यावरून एकही पुस्तक काढलेलं नाही.’ शब्द न् शब्द खरा.

तीच बातमी छापून त्याने घरोघर वाटली. आमच्याही दारी आला, टोपी हातात घेऊन.

“हिल्माबाई, तुमच्याच भाचीने लिहिलंय, बघा. तुम्ही ग्रंथालयवाले माझ्या नावाने खोटं पसरवणार, आणि वर लोकांनी तुमच्यासाठी कर भरायचा?”

मी काही पसरवलं नव्हतं. पण आता बेकरीत मी रांगेत उभी राहिले की बायका पाव निवडण्यात गुंततात. यातल्या कितीतरी जणी माझ्याजवळ बसून वाचायला शिकल्या.

आता ते दुसरं. उन्हाळ्यात सौनात, वाफेत बसलेलो असताना मी तुला सांगितलं होतं. वसंतात हॉस्किन्स ग्रंथालयात आला, आई-बाबांऐवजी दोन आया असलेल्या मुलीच्या गोष्टीचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, “हे इथून गेलं तर नोव्हेंबरातलं मतदान तुम्हाला सोपं जाईल.” मी ते उचलून परत फळीवर ठेवलं. बातमी लिहिताना तू फोनवर विचारलंस, “मावशी, तेवढं लिहू का?” मी म्हणाले, सौनातलं बोलणं सौनातच राहतं. आपल्या घरची मुलगी तू, पाळलंस.

पण रीत हा माझा बहाणा होता गं. मी घाबरले होते. त्याला दुखवलं नाही तर मतदानाच्या वेळी तो गप्प बसेल, असं वाटलं. गप्प बसले ती मीच.

आता तरी छापू का, असं विचारतेस. नको. साक्षीदार कोणी नाही, आणि हरल्यावर म्हातारीला आठवलं म्हणतील. माझ्यात आता काही उरलेलं नाही, सेनी.

काल आवराआवर करायला गेले होते. ते पुस्तक जागेवरच आहे. त्याला एकच नको होतं, आता सगळीच आत कोंडली जातील. आणि तुझी बातमी तेव्हाही खरीच राहील. एकही पुस्तक काढलेलं नाही.

नाताळला ये. सौना तापवून ठेवीन. नुसत्या बसू.

तुझी,
हिल्मामावशी