बाबागाडीवरचा पहारा

६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
आजपासून मी बापाच्या रजेवर. सिसेल ऑफिसला गेली. जाताना विगाचा पापा घेतला, मग माझा घेतला, आणि म्हणाली, क्लेटन, दुपारी तिला बाहेर झोपव हं, आत नको. म्हटलं, ऑफ कोर्स.
बाहेर म्हणजे खालच्या अंगणात. फेब्रुवारीत. नऊ महिन्यांच्या पोरीला बाबागाडीत घालायचं, वर रजई, गाडी सायकलींच्या शेजारी लावायची, आणि आपण वर येऊन कॉफी प्यायची. अख्ख्या डेन्मार्कमध्ये हेच चालतं. आरहूसला येऊन तीन वर्षं झाली, मला हे पूर्ण पटलेलं आहे. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे.
संकल्प: घाबरायचं नाही. इथल्यासारखं वागायचं. अमेरिकेतलं टेनेसी टेनेसीतच ठेवायचं.

दुपार.
झोपवलं. वर आलो. खाली जाऊन बघून आलो. परत वर. परत खाली. मग खालीच थांबलो. मोकळी हवा मलाही हवीच की.

७ फेब्रुवारी.
विगा गाढ. मी सायकलींच्या मागे उभा, नाक गळतंय. याला पहारा म्हणत नाहीत, सोबत म्हणतात.
खालच्या मजल्यावरचे फ्लेमिंग सायकल काढायला आले. मी मोठ्ठं हसलो, हाय म्हटलं, काय मस्त हवा आहे म्हटलं, तुमचं कसं काय चाललंय विचारलं. ते थबकले. म्हणाले, काही झालंय का? म्हटलं, छे, काहीच नाही. म्हणाले, मग विचारतोयस कशाला? आणि सायकल न घेताच निघून गेले.
आमच्याकडे एवढ्यावर माणूस जेवायला बोलावतो.

८ फेब्रुवारी.
सिसेलने विचारलं, तुला भीती नक्की कसली वाटते? म्हटलं, वाटत नाही. तरी सहज आपलं सांगितलं. लहानपणी नाश्त्याला दुधाचं खोकं टेबलावर असायचं, आणि खोक्यावर हरवलेल्या मुलांचे फोटो. नाव, वय, शेवटचं कुठे दिसला. मी सीरियल खाताना त्यांच्याकडे बघायचो, ती माझ्याकडे. आई म्हणायची, नीट बघून ठेव, नजरेआड गेलास की पुढचा फोटो तुझा.
सिसेलने काटा खाली ठेवला. म्हणाली, दूध पिताना? एवढ्याशा पोरांना?
म्हटलं, त्यात काय. हाडं मजबूत झाली.

९ फेब्रुवारी.
आज वारा होता, म्हणून आत झोपवलं. फक्त वाऱ्यामुळे.
झोपली नाही. संध्याकाळपर्यंत किंचाळत होती. सिसेल आल्यावर म्हणाली, काय गं, बाहेर झोप नाही लागली? मी म्हटलं, दात येतायत वाटतं.

१० फेब्रुवारी.
सासूबाई आल्या. मला नुसतं बिर्ता म्हण, अगं-तुगं कर, असं त्यांनी लग्नाआधीच बजावलंय. मला जमत नाही. वयाने मोठ्या बाईला मॅम म्हटलं नाही तर माझ्या गावात कान उपटतात. मी मॅम म्हटलं की त्या मागे वळून बघतात, कोण आलं म्हणून.
विगाच्या डोळ्यांखाली बोट फिरवून म्हणाल्या, जावईबुवा, पोर झोपलेली नाही. आत कोंडून ठेवतोस ना तिला? अरे, सिसेल तान्ही असताना तिच्या बाबागाडीवर बर्फ साचायचा बर्फ! काय वाईट झालं तिचं?
सिसेल बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, अमेरिकन नवरा केला.
दोघी हसल्या. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा.
मग सिसेलने सुरी ठेवली आणि मीठ मागावं तशा आवाजात म्हणाली, हे बघ, झेपत नसेल तर तसं सांग. पुढच्या आठवड्यापासून आई येईल रोज, तू कामावर परत जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.
ही इथली पद्धत. आमच्याकडे असलं काही बोलायचं तर आधी दहा मिनिटं कौतुक करतात, मिठी मारतात, मग बोलतात. माणसाला पडायला खाली काहीतरी मऊ लागतं.
म्हटलं, झेपतंय! एकदम ग्रेट चाललंय!
सकाळी उठल्याबरोबर विगा हात लांब करून माझं नाक पकडते. ते नाक घेऊन मी ऑफिसात काय करू?

१३ फेब्रुवारी.
नवा आठवडा, नवा मी. बापांच्या गटात गेलो. रजेवरचे बाप, पाच जण, कोपऱ्यावरचा कॅफे. मिकेल सुतारकाम करतो, आस्गर शाळेत शिकवतो. बाबागाड्या बाहेर फुटपाथवर एका ओळीत, प्रत्येकीत एक झोपलेलं मूल. बाप आत, वेलचीचे बन खातायत, खिडकीकडे पाठ करून. पाठ!
मी मान वाकडी करून बसलो तर विगाच्या गाडीचं एक चाक दिसत होतं. अर्ध्या तासाने मान तशीच राहिली.
सहज विचारलं, समजा कोणी उचलून नेलं तर?
 मग मिकेल म्हणाला, कशाला नेईल? त्याच्या घरी काय कमी जागरण आहे?
आस्गर म्हणाला, माझा नेऊ दे. संध्याकाळच्या आत हात जोडून परत आणून देईल.
हसून हसून एकाला ठसका लागला. मी म्हटलं, आईचा फोन येतोय, आणि बाहेर गेलो. टेनेसीत तेव्हा पहाट होती. कोणाच्या लक्षात आलं नाही.

१४ फेब्रुवारी.
बाहेर झोपवलं. खाली उभा राहिलो, पण लपून. सुधारणा आहे.
सिसेलला विचारलं, मिरीचा स्प्रे मागवू का, खिशात असावा. म्हणाली, इथे बेकायदा आहे तो. म्हटलं, मग संरक्षण कसं करायचं? म्हणाली, कोणापासून?

उद्यासाठी प्लॅन तयार. लपायचं नाही. उघड उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत बघून हसायचं. चोर ओळखीच्या माणसाला टरकतो. अख्खी गल्ली ओळखीची करून टाकायची.

१५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.
खांदे अजून आखडलेत, म्हणून अक्षर असं.
कॅफेबाहेर उभा होतो, प्लॅनप्रमाणे, बाकीचे बाप आत. सगळ्यांना हाय केलं. काही लोक पलीकडच्या फुटपाथवर गेले. म्हटलं, वचक बसतोय.
एकटी विगाच कशाला, सगळ्याच पोरांची जबाबदारी घेतली. प्रत्येक गाडीचा टप उचलून श्वास चालू आहे का बघितलं. कोणती गाडी कुठे उभी होती हे पक्कं राहावं म्हणून ओळीचे फोटो काढले.
कुत्रं घेतलेल्या एक आजीबाई बऱ्याच वेळापासून बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, यातलं तुझं कुठलं? मी हसलो. तुझं-माझं कसलं, मॅम, म्हटलं, सगळीच इतकी गोड आहेत, एकेक उचलून घरी न्यावंसं वाटतं!
आमच्याकडे असंच बोलतात. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करायची रीत आहे ती.
आजीबाईंनी कुत्र्याला जवळ ओढलं आणि फोन काढला.
पोलिसांची गाडी आली. एक बाई उतरल्या, पोनीटेल, हातात लोकरीचे मोजे. आणि मी डॅडीने लहानपणी शिकवलं तेच केलं. दोन्ही हात वर, बोटं पसरून, हलायचं नाही, हललास की गोळी, वाक्यागणिक मॅम.
त्या म्हणाल्या, नमस्कार, मी लोने. हात कशाला वर केलेस रे?
म्हटलं, माझ्याकडे हत्यार नाही, मॅम.
म्हणाल्या, असेल असं मी कुठे म्हटलं? ओळखपत्र आहे?
म्हटलं, डाव्या खिशात आहे, मॅम, पण मी खिशात हात घालणार नाही, मॅम.
म्हणाल्या, मग कोण घालणार? मी?
तेवढ्यात विगा उठली आणि रडायला लागली. बाईंनी विचारलं, हिचा बाप कुठाय? म्हटलं, मीच आहे, मॅम. म्हणाल्या, अरे मग घे ना तिला!
घ्यायचं होतं. देवाशपथ घ्यायचं होतं. ती माझ्याकडे बघून हात पसरत होती, नाकाच्या दिशेने. पण पोलिसासमोर हात खाली आणायचे म्हणजे काय, हे माझ्या खांद्यांना ठाऊक आहे, मला नसलं तरी. खाली येईनात. हुंदके देऊन देऊन तिचा श्वास अडकायला लागला, आणि मी एक पाऊल लांब, हात आभाळात.
शेवटी त्या बाईंनीच गाडीचा दांडा धरला आणि हलवत राहिल्या. कसलंसं गाणं गुणगुणल्या. विगा झोपली.
मिकेल बाहेर आला, तोंडात बन. बाईंना म्हणाला, हा आमच्यातलाच आहे. त्या म्हणाल्या, नक्की? तो म्हणाला, हो, थोडा घाबरट आहे.
बाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, कोणाला घाबरतोस तू?
म्हटलं, कोणालाच नाही, मॅम.
हात तेव्हाही वरच होते. मिकेलने एकेक करून खाली आणले.

१६ फेब्रुवारी.
विशेष काही नाही.
सिसेलला कोणीतरी सांगितलंय.  दारात सासूबाईंचे बूट. आतल्या खोलीत दोघी हळू आवाजात बोलतायत.
सिसेल बाहेर आली तेव्हा म्हटलं, जे काय असेल ते सांगून टाक. म्हणाली, उद्या. आज तू फक्त जेव.
विगाला घेऊन बसलो. दुपारी तिला सासूबाईंनीच खाली नेऊन झोपवलं. मला विचारलंसुद्धा नाही.
सोमवारपासून ऑफिस असेल. शर्ट इस्त्री करायला हवेत. केले नाहीत.

१७ फेब्रुवारी.
जिंकलो!!
सिसेल म्हणाली, रजा तूच पूर्ण कर. काल रात्री आईने विगाला घेतलं, तर ती आईच्या खांद्यावरून सारखी तुलाच शोधत होती. आई म्हणाली, मी येऊन काय करू, पोरीला हा वेडाच पाहिजे.
मी तिला उचलून गोल फिरवलं. सिसेलला. ती म्हणाली, थांब, एक अट आहे. विगाला बाहेर खुशाल ठेव. तुला एकट्याला बाहेर ठेवायचं नाही. मिकेलशी बोलणं झालंय माझं.
अटीचा अर्थ लागला नाही, पण मान्य केली.

२० फेब्रुवारी, सोमवार.
शेवटी पटलं यांना. पहारा लागतोच.
आज मी कॅफेबाहेर पोहोचलो तर दोन खुर्च्या मांडलेल्या. मिकेल येऊन शेजारी बसला. थोड्या वेळाने आस्गर मेंढीच्या लोकरीचं पांघरूण घेऊन आला, कॉफी ठेवून आत गेला. मी मिकेलला कामाची पद्धत समजावली: तू डावीकडून येणारे बघ, मी उजवीकडून. तो म्हणाला, बरं. फक्त कोणाला हसू नकोस. म्हटलं, बरं.
ऊन होतं. मुलं एकेक करून उठली, एकेक बाप येऊन आत घेऊन गेला. विगालाही आस्गरने नेलं, केळं भरवायला. मी जा म्हटलं. खरंच म्हटलं.
गाड्या रिकाम्या. मिकेल तरी बसलेला.
मी म्हटलं, अरे, आता आपण पहारा कशावर देतोय?
 त्याने पांघरूण माझ्या गुडघ्यांखाली नीट खोचलं, मानेशी वर ओढलं. म्हणाला, झोप आली असेल तर झोप, बाबा. आठवडाभर झोपलेला दिसत नाहीस.
म्हटलं, छे, मी दिवसा कधीच झोपत नाही. फक्त डोळे मिटले.
जाग आली तेव्हा ऊन पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं. मिकेलची खुर्ची रिकामी. तो आत, टेबलाशी, विगा त्याच्या मांडीवर. फुटपाथवर मी एकटा, गळ्यापर्यंत गुंडाळलेला, किती वेळ कोण जाणे.
कोणी नेलं नव्हतं.