आबांच्या हद्दीतला सांधा

२ मार्च १९३६
पुन्हा साचा ओला. दाऊद मिस्त्री वसकन अंगावर आले. ओल्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की उडतं, डोळे जातात. मग दुपारभर शेगडीजवळ साचे वाळवत बसलो. सोलापूरचं ऊन जणू कमीच पडतंय! दोन रूळ जोडून एक करायचा, काम म्हटलं तर एवढंच. कंबरडं मोडलं. न जेवताच पडलो.

६ मार्च
कानस मारून तळहात सोलले. आबांनी तेल लावलं. म्हणाले, "टिकून ऱ्हा. गँगमधी माजी हाडं झिजली, तू तरी कारागीर हो." मेंढरं विकून रेल्वेत शिरल्यापासून म्हातारा बाप रुळांच्या सांध्यांचे बोल्ट आवळतोय. माझ्यासाठी साहेबाचे पायही त्यानंच धरले. आता सोडून जायची सोय नाही.

११ मार्च
परीक्षा सोमवारी. एक सांधा मी एकट्यानं जोडायचा, साहेब बघणार. पास झालो तर पक्की नोकरी. जागा होटगीच्या बाजूला, आबांच्याच गँगची हद्द. म्हातारा खूश.

१३ मार्च
नको ते कानावर आलं. साहेब मिस्त्रींना सांगत होता, सांधे जोडले की बोल्ट नाहीत, मग एवढी माणसं कशाला? गँग कमी करायची, म्हाताऱ्यांना आधी घरी. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्या गँगमध्ये आबांहून म्हातारं कोणी नाही.
आबांना सांगितलं नाही. कसं सांगू...

१४ मार्च
मुद्दाम चूक करावी असं मनात येतंय. पण मी नापास झालो म्हणून सांधे थोडेच राहणार? मिस्त्री जोडतील. मग बापलेक दोघंही घरी. डोकं उठलंय. भाकरी कडू लागली.

१६ मार्च
पास.
हात खोटं वागायला तयारच होईना. साहेब गेल्यावर आबा आले, घासलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिले. "सांदा कुटं हाय रं? हाताला लागत न्हाय की." सगळ्या गँगला बोलावून दाखवला. मिस्त्री तोंड फिरवून बिडी ओढत उभे. मला लई लाज वाटली. खोटं कशाला लिहू, अभिमानही वाटला.
येताना सात रस्ता चौकात आबांनी पेढे घेतले. उद्या गँगमध्ये वाटणार म्हणे. आता सांगूनच टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी पहिला पेढा माझ्याच तोंडात घातला.
उद्या त्याच हद्दीत आणखी दोन सांधे आहेत.